बिनविरोध

माझ्या सासूबाईंना नागीण झाली तेव्हा निम्म्या गावाला त्यांची काळजी वाटली आणि उरलेल्या निम्म्याला नागिणीची. मी कुठल्या निम्म्यात होते ते विचारू नका.

सरूबाई म्हणजे आमच्या गावच्या शेवटच्या सरपंचांची बायको. सिंहगड रस्त्याकडचं आमचं गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आता कर भरायची खिडकी आहे, आणि नाना, म्हणजे माझे सासरे संपतराव, तेव्हापासून दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतात. सरूबाईंचा कारभार मात्र कुणाला बरखास्त करता आला नाही. भिशी त्यांच्याकडे, देवळाच्या वर्गणीचा निर्णय त्यांचा, कुणाच्या सुनेने नोकरी करावी आणि कुणाच्या करू नये हेही त्यांच्याच ओट्यावर ठरायचं. नाना बिनविरोध निवडून आले होते, हे त्या आजही सांगतात. कसे, ते सांगत नाहीत. ते मला शेजारणीने सांगितलं. विरोधात अर्ज भरणाऱ्याच्या दारात सरूबाई गावातल्या बायका घेऊन जाऊन बसल्या. हसतखेळत, मांडीवर निवडायला मेथी घेऊन. शिवी नाही, धमकी नाही. फक्त उठल्या नाहीत. संध्याकाळी त्या माणसाच्या बायकोनेच त्याला अर्ज मागे घ्यायला लावला.

तर नागीण. डाव्या काखेखालून निघाली आणि पाठीच्या मणक्यापर्यंत गेली. गेरूचा लेप झाला, कुठल्याशा पाल्याचा रस झाला. दोन टोकं जुळली की माणूस जातो, हे सांगायला रोज कुणीतरी यायचं आणि चहा पिऊन जायचं. टोकं जुळली नाहीत. महिन्याभरात फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकल्यावर खरं दुखणं सुरू झालं. कातडी बरी झाली होती, आतल्या नसा जळत राहिल्या होत्या.

कापड लागलं तरी त्या ओरडायच्या. ब्लाउज घालणं बंद झालं. नानांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर अंगाभोवती गुंडाळून ही एवढी मानी बाई आतल्या खोलीत बसायची. पंख्याचा वारा सोसायचा नाही, म्हणून भर एप्रिलात पंखा बंद. बसल्या बसल्याच झोपायच्या. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी चक्कर येऊन मोरीत पडल्या आणि मनगट मोडलं. मूत्रपिंडं आधीच अधू, म्हणून त्या गोळ्याही बंद झाल्या.

दुखणाऱ्या माणसाला सहानुभूती द्यावी, हे मला कळतं. पण तुमच्या हातचा चहा तुमच्याच अंगावर कुणी फेकला, की सहानुभूती थोडी आटते. ‘माझी आग तुझ्या अंगाला लागू दे, मंग कळंल,’ असं त्या मला एकदा म्हणाल्या. नानांना म्हणाल्या, ‘तुमी आधी मेला असता तर मला मोकळं रडता तरी आलं असतं.’ नाना टीव्हीचा आवाज वाढवायचे. माझा नवरा ऋषी ऑफिसात जास्त वेळ थांबायला लागला. घरात त्या आणि मी उरलो.

स्वारगेटजवळ दुखण्यावर संशोधन करणारं एक केंद्र आहे, तिथे नागिणीनंतरच्या दुखण्यावर नवीन औषधाची चाचणी सुरू होणार असल्याचं ऋषीला ऑफिसात कळलं. मी त्यांना घेऊन गेले. रिक्षात त्या सीटच्या कडेवर, पाठ टेकू न देता बसल्या होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

तिथल्या प्रमुख डॉक्टर शर्मिला. नारायण पेठेतल्या. बोलणं असं की शब्दाला पैसे पडतात असं वाटावं. त्यांनी समोर बसवून सांगितलं, ‘हे भांगेच्या झाडाचा अर्क घातलेलं तेल आहे.’

‘भांग म्हंजी?’ सरूबाई म्हणाल्या. ‘गांजा?’

‘झाड तेच.’

सरूबाई उठायला लागल्या. ‘मॅडम, माझ्या दिराची चिलीम मी पाट्यावर ठिचली व्हती. आख्ख्या गावासमोर.’

‘हे ओढायचं नाहीये. जिभेखाली थेंब टाकायचे. ठेचायला काही मिळणार नाही तुम्हाला.’ डॉक्टर शर्मिला हसल्या नाहीत. ‘नको असेल तर सांगा. बाहेर माणसं थांबली आहेत.’

सरूबाईंनी एक हात टेबलावर ठेवला, दुसऱ्याने धोतराचं टोक बगलेपासून दूर धरलं, आणि पुन्हा बसल्या. दिराची चिलीम तिथेच संपली.

मग डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. साठेक माणसं घेणार. निम्म्यांना अर्काचं तेल, निम्म्यांना नुसतं तेल. रंग तोच, वास तोच, बाटली तीच. कुणाला काय मिळालंय हे खुद्द डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळणार नाही. दर पंधरा दिवसांनी यायचं आणि दुखण्याचा आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. ‘सहाव्या आठवड्यालाही कुणाचा आकडा सातच्या वर असेल, तर त्या माणसाचं दुसरं औषध लगेच सुरू करणार. त्यामुळे आकडा खरा सांगायचा. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. आणि आकड्यांबद्दल आपापसात बोलायचं नाही.’

परतीच्या वाटेवर सरूबाई म्हणाल्या, ‘डाक्टर असून तिलाच ठावं न्हाई म्हणं. येडी समजती का आपल्याला?’

‘आई, तशीच पद्धत असते. त्याशिवाय औषधाचा गुण किती आणि मनाचा किती, हे कळत नाही.’

‘अगं, आगीत बसल्यालं माणूस समोर दिसतंय आणि त्याला नुसतं त्याल दील का कुणी? बोलाया फटकळ हाय ती, पण एवढी निर्दय न्हाई. सरकारला दाखवायला म्हणावं लागत असंल तसं.’

हे त्यांनी एकदा ठरवलं ते ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाबद्दल इतका चांगला विचार केला होता आणि तोच चुकीचा निघाला.

त्यांना गुण आला. आधी झोप लागायला लागली, मग पंखा सुरू झाला. एका सकाळी मी डबे भरत होते आणि आतून हाक आली, ‘तनुजा, जरा हुक लाव गं.’ पाठमोऱ्या उभ्या होत्या, अंगात निळा खणाचा ब्लाउज. मी हुक लावले. माझी बोटं पाठीला लागली तरी त्या ओरडल्या नाहीत. ‘थरथरतीस कशाला? हुकच लावतीयस ना?’ म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांच्यासाठी रडले असं म्हणता आलं असतं तर बरं दिसलं असतं. मी माझ्यासाठी रडले. त्या दिवशी घरात कुणी कुणावर ओरडलं नाही आणि नानांनी टीव्ही बंद करून बायकोशी गप्पा मारल्या.

आमचा वार गुरुवार. केंद्राच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्यावर गुरुवारची सगळी नागीणवाली मंडळी बसायची. तिसऱ्या खेपेला तो बाक सरूबाईंचा झाला होता. घरून ओल्या नारळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा न्यायच्या, प्रत्येकाची चौकशी करायच्या, कुणाचं कुठे दुखतं हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. माझ्याकडून त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढून घेतला. लिहिता येत नसे, म्हणून आवाजातले निरोप पाठवायच्या.

त्या बाकाच्या टोकाला हिराबाई बसायच्या. दापोडीच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांची नागीण कपाळावरून डोळ्याकडे उतरली होती. चष्म्याची काडी सोसायची नाही, म्हणून चष्मा हातात धरूनच पेपर वाचायच्या. त्या बाजूच्या केसांना कंगवा लागू द्यायच्या नाहीत, ते तसेच गुंतलेले असायचे. ओळख झाली त्या दिवशी त्यांनी ‘जय भीम’ म्हणून हात जोडले. सरूबाईंनी सगळ्यांना वडी हातात दिली आणि हिराबाईंच्या तळहातावर वरून सोडली. मी पाहिलं, हिराबाईंनीही पाहिलं. त्यांनी वडी खाल्ली नाही, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

तिसऱ्या खेपेलाच कुणीतरी डॉक्टर शर्मिलांना विचारलं, की हे औषध पुढेही मिळणार का. त्या खोलीत शिरता शिरता म्हणाल्या, ‘निकाल चांगला आला तर मिळेल. नाही आला तर बंद.’

एवढंच. पण ते कुणापुढे बोललं जातंय याची त्यांना कल्पना नव्हती.

सरूबाईंनी रिक्षातच मोहीम सुरू केली. फोन तोंडाशी धरून पहिला निरोप: ‘ऐका समद्यांनी. हे त्याल चालू ऱ्हायला पायजे का नको? पायजे असंल तर कुणी मॅडमपुढं वाकडं बोलायचं न्हाई. दोन सांगा, तीन सांगा. चारच्या वर कुणी जायचं न्हाई. ज्याला अजून गुण आला न्हाई त्याला उद्या यील. पण आज कुरकुर केली आणि समद्यांचंच बंद झालं, तर त्याचं पाप कुणाच्या डोक्यावर?’

‘आई, असं नसतं करायचं,’ मी म्हणाले. ‘ज्याचं जे असेल ते त्याला सांगू द्या.’

‘तू गप ऱ्हा. तुला हुक लावता येत्यात, तेवढं बघ.’

सोमवारी येणारा दुसरा गट होता. तिथे त्या काही काम नसताना गेल्या, वड्या घेऊन. त्या गटाचाही ग्रुप झाला. माणसं ऐकत होती, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. एका निवृत्त मास्तरांना, शेजारच्याला गुण आला आणि आपल्याला नाही हे सांगायची लाज वाटत होती. एक बाई म्हणाली, एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई आपल्याला फुकट औषध देतात आणि आपण तोंडावर नाही म्हणायचं? बरं दिसतं का? कुणाकडे जेवायला गेल्यावर आमटी अळणी आहे म्हणून कुणी सांगतं का? तशी ही साठ सभ्य माणसं होती. जळत होती आणि तीन सांगत होती.

एकट्या हिराबाई नऊ सांगत होत्या.

‘मला नऊच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. खोटा आकडा कधी सांगितला नाही.’

मग सरूबाईंनी मेथी निवडायला घेतली. पुढच्या खेपेला हिराबाई आल्या तेव्हा बाकावर जागा होती, पण त्यांच्यासाठी कुणी सरकलं नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डबा सगळीकडे फिरला आणि त्यांच्यापाशी येण्याआधी बंद झाला. ग्रुपवर निरोप आला, ‘एका बाईपायी समद्यांचं नुकसान हुणार हाय. नाव घेत न्हाई मी.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

सहाव्या आठवड्याची तपासणी त्याच दिवशी होती. आत जायला हिराबाईंचा नंबर आला, तेव्हा सरूबाई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर हिराबाईंनी ऐकलं नसतं. त्या अगदी मऊ बोलल्या.

‘हिराबाई, तुमाला पेन्शन हाय, पोरगा कमावता हाय. उद्या तुमी भारीतल्या डाक्टरकडं जाल. आमी कुठं जायचं? मला आता पदर घेता येतो. हा पदर तुमी काढून घ्यायला निघालाय.’

हिराबाईंनी बाकावर नजर फिरवली. ‘सगळ्यांना खरंच बरं वाटतंय?’

‘समद्यांना. तुमी एकट्याच राहिलाय.’

‘मास्तर, तुम्हालाही?’

मास्तरांच्या बरगड्यांना शर्ट लागू नये म्हणून त्यांनी तो चिमटीत धरला होता. तो तसाच धरून ते म्हणाले, ‘हो. बराच फरक आहे.’ आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. एकेकाने, हिराबाईंच्या तोंडाकडे बघत.

हिराबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. स्वतःवरचा विश्वास उडालेला माणूस तसा दिसतो. जर सगळ्यांना बरं वाटतंय, तर आपल्यालाच काय झालंय, आपण ढोंग तर करत नाही ना, असं त्या स्वतःला विचारत असाव्यात. त्या आत गेल्या. दार उघडंच होतं.

‘किती?’ डॉक्टर शर्मिलांनी विचारलं.

हिराबाई हातातला चष्मा उलटसुलट करत राहिल्या.

‘हिराबाई, किती दुखतंय?’

‘तीन.’

‘मागच्या वेळी नऊ होतं.’

‘आता तीन आहे, मॅडम.’

त्या बाहेर आल्या तेव्हा बाक सरकला. सरूबाईंनी डबा उघडला, या वेळी वडी हातात दिली, बोटांना बोट लावून, आणि वर डबाच त्यांच्या हातात ठेवला. ‘घरी न्या. नातवंडं खातील.’ रिक्षात त्या खुशीत होत्या. ‘झालं एकदाचं बिनविरोध,’ म्हणाल्या.

पुढे सहा महिने सगळं सुरळीत चाललं. आमच्या घरात तर सुखच होतं, मी खोटं कशाला बोलू. सरूबाई लग्नांना जायला लागल्या, भाजीवाल्याशी भांडायला लागल्या, मला पुन्हा टोमणे मारायला लागल्या, आणि मला ते टोमणे गोड लागायचे. हिराबाई गुरुवारी बाकावर बसायच्या, सगळ्यांच्या मधोमध. चष्मा अजून हातातच असायचा. पेपर वाचणं त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा मी म्हणाले, ‘काकू, खरंच तीन आहे ना?’ त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘सगळ्यांचं आहे ना तेवढं?’

निकालाच्या दिवशी दोन्ही गट बोलावले होते. सरूबाईंनी पैठणी नेसली होती आणि डॉक्टरांसाठी शाल-नारळ घेतला होता. डॉक्टर शर्मिला आल्या, उभ्यानेच बोलल्या.

‘चाचणी संपली. ज्यांना अर्काचं तेल मिळालं त्यांचं दुखणं कमी झालं. ज्यांना नुसतं तेल मिळालं त्यांचंही तेवढंच कमी झालं. म्हणजे या अर्कात नुसत्या तेलापेक्षा वेगळं काही नाही, असा निकाल आहे. कंपनीने काम थांबवलंय. उरलेल्या बाटल्या आज इथे जमा करायच्या, त्या नष्ट होतील.’

सरूबाई उभ्या राहिल्या. शाल हातातच होती. ‘मॅडम, आसं कसं? आमी तर समद्यांनी एकमतानं चांगलंच सांगितलं की.’



‘एकमताने म्हणजे?’ डॉक्टरांनी विचारलं.

आणि सरूबाईंनी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. चारच्या वर कुणी गेलं नाही, सोमवारवालेसुद्धा, एकूण एक. कौतुक व्हावं म्हणून सांगत होत्या. डॉक्टर शर्मिलांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसल्या.

‘सरूबाई,’ त्या म्हणाल्या, ‘मी चाचणी घेत होते. तुम्ही निवडणूक लढवलीत. जिंकलात. अभिनंदन.’

‘पण मला खरंच गुण आला व्हता!’

डॉक्टरांनी समोरचा कागद पाहिला. ‘येणारच. तुम्हाला अर्काचंच तेल होतं.’

‘मंग?’

‘मग तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला नुसतं तेल होतं आणि त्यानेही तुमच्याइतकाच गुण आला म्हणून सांगितलं. आता तुमचा गुण खरा आणि त्याचा खोटा, हे मी कशावरून ठरवू? फरक दिसला असता तर तुम्हाला हे औषध मिळालं असतं. तो फरक तुम्ही पुसलात. वड्या वाटून.’

‘म्हंजी... नुसतं त्याल खरंच देत व्हता तुमी? दुखणाऱ्या माणसास्नी?’

‘पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही समोरच बसला होतात.’

सरूबाईंच्या खांद्यावरून पदर घसरला आणि त्यांनी तो सावरला नाही. बाकीचे खाली बघत होते. मास्तर शर्टाच्या चिमटीकडे बघत होते. मधल्या रांगेतून हिराबाई उठल्या.

‘मॅडम, मला काय होतं?’

‘नुसतं तेल.’

‘आणि सहाव्या आठवड्याला मी नऊ सांगितलं असतं तर?’

‘त्याच दिवशी दुसरं औषध सुरू केलं असतं. तुमचा कागद मी तयार ठेवला होता. तुम्ही तीन म्हणालात.’

हिराबाईंनी मान हलवली. पर्स उघडून सरूबाईंचा स्टीलचा डबा काढला आणि येऊन सरूबाईंच्या हातात दिला. आमच्याकडे कुणाचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. सरूबाईंनी सवयीने झाकण उघडलं. डबा घासून लख्ख केलेला होता, पुसलेला होता, आणि आत काहीही नव्हतं.

महिन्याभरात आग परत आली. बाजारात विजयेची, म्हणजे भांगेचीच, तेलं मिळतात, ऋषीने शोधून चांगली महागातली आणली. त्या तेलांनी गुंगी यायची, तोंड कोरडं पडायचं, आग जात नव्हती. डॉक्टर शर्मिलांना मी फोन केला, त्या म्हणाल्या की तो अर्क वेगळ्या पद्धतीने काढलेला होता आणि तो आता कुणीच काढत नाही. डॉक्टरांचं ते दुसरं औषध म्हणजे नसांच्या गोळ्याच, त्या सरूबाईंना चालत नव्हत्या. निळा ब्लाउज कपाटात गेला, धोतर बाहेर आलं, पंखा बंद झाला. चहा मी आता जरा लांबूनच देते.

ग्रुपवर त्या निरोप पाठवत राहिल्या. कधी नुसतं कण्हणंच असायचं. एकेकजण ग्रुप सोडून गेला. शेवटी आम्ही दोघीच उरलो, एकाच घरातल्या.

एक दिवस म्हणाल्या, ‘हिराबाईंकडं ने मला. त्या एकट्याच खरं बोलल्या व्हत्या. त्यास्नीच कळंल माझं काय हुतंय ते.’

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. बसल्या बसल्या, थांबून थांबून, त्यांनी स्वतःच्या हाताने नारळ खवला आणि वड्या थापल्या. अंगावर धोतर, वरून सैल शाल, अशा आम्ही दापोडीला गेलो.

दार हिराबाईंनीच उघडलं. डोळ्यांवर चष्मा होता, नाकावर नीट बसलेला. दोन्ही बाजूंचे केस विंचरलेले. निकालानंतर सुरू झालेल्या त्या दुसऱ्या औषधाने त्यांना बराच उतार पडलाय, हे त्यांना न विचारताच दिसत होतं. ‘या,’ म्हणाल्या. पाणी दिलं, गॅसवर चहा ठेवून आल्या. वड्यांचा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि टेबलावर ठेवला. बोलण्यात कुठे काही कमी नव्हतं. मला वाटलं, बरं झालं आलो ते.

सरूबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पाठ टेकू न देता. शाल त्यांनी बोटांनी अंगापासून दूर धरली होती. त्या म्हणाल्या, ‘हिराबाई, चुकलं माझं.’ या बाईच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते, नानांनीही नसतील. मग त्यांना रडू कोसळलं. ‘लई दुखतंय हो. कुणाला सांगून कळत न्हाई. समदी म्हणत्यात सवय हुईल. तुमीच सांगा, याची सवय हुती का?’

हिराबाई समोर बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सरूबाईंकडे नीट पाहिलं.

‘किती दुखतंय?’

‘नऊ,’ सरूबाई म्हणाल्या. ‘नऊ हाय, हिराबाई. रातीचं धा.’

‘तीन म्हणा.’

सरूबाईंना आधी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत चहा उकळत होता, पण हिराबाई उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्या वाट बघत बसल्या, त्यांना कसलीच घाई नव्हती.

‘आई, चला आपण,’ मी म्हणाले.

सरूबाईंनी माझा हात बाजूला केला. तोंडावरचं पाणी पुसायला त्यांनी डावा हात उचलला, शाल बगलेला घासली, आणि त्यांचं सगळं अंग आखडलं. ते जरा ओसरेपर्यंत त्या तशाच थांबल्या.

‘तीन,’ त्या म्हणाल्या.

‘छान,’ हिराबाई म्हणाल्या आणि चहा आणायला उठल्या.